चार ठोकळे कमी

मेट्रनच्या हातातून ठोकळा निसटला, फरशीवर दोनदा आपटला आणि पलंगाखाली गेला. ठोकळेताई गुडघ्यांवर बसली, हात लांब करून तिने तो बाहेर काढला, ओढणीला पुसला आणि डोळ्यांजवळ धरून त्याच्या कडा तपासल्या. कडा घासून घासून फारच गुळगुळीत झाल्या होत्या. तिने खिशातली पेन्सिल काढली आणि जिथे अंगठा येतो आणि जिथे मधलं बोट येतं, तिथे दोन बाजूंना बारीक खुणा केल्या.

"इथे खाच पाडून आणते," ती म्हणाली. "तुमच्या हाताची चूक नाही ही. माझी आहे."

मेट्रननी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग डावा हात पुढे करून दुसरा ठोकळा मागितला.

ठोकळेताई हे नाव तिला या शुश्रूषा केंद्रातल्या आयांनी दिलं होतं. ती एका छोट्या डिझाइन स्टुडिओत वस्तू घडवायची. ज्यांची वाचा गेली आहे आणि ज्यांचा हात थरथरतो, अशा माणसांसाठी तिने बारा लाकडी ठोकळे केले होते. फोनच्या काचेवर थरथरतं बोट नको तिथे पडतं. पण ठोकळा मुठीत धरता येतो, चाचपता येतो, विचार करून ठेवता येतो. प्रत्येक ठोकळ्यावर एक शब्द कोरलेला आणि एक चित्र, तळाला नखाएवढी चिप. ठोकळा ट्रेमधल्या खाचेत बसवला, की शेजारचा फोन तो शब्द मोठ्याने बोलायचा आणि तोच शब्द आयांच्या, व्यवस्थापकाच्या आणि घरच्या माणसांच्या फोनवर जायचा. हो, नाही, पाणी, भूक, छान, धन्यवाद, दिवा, गाणी, बाहेर जायचंय, दुखतंय, थांबा, कुणाला तरी बोलवा. या बारा शब्दांवर तिचे चार महिने गेले होते. 'कृपया' घ्यावा की नाही यावर ती आणि स्टुडिओतला प्रोग्रामर दोन दिवस भांडले होते. शेवटी ज्याला एवढ्या कष्टाने बोलायचं आहे, त्याच्याकडून आणखी कृपया कशाला वदवायचं, असं म्हणून तिने तो काढून टाकला होता.

केंद्रातल्या सहा जणांवर ठोकळ्यांची चाचणी सुरू होती, आणि त्यांत मेट्रन सगळ्यांत कडक विद्यार्थिनी होत्या. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाचे वॉर्ड चालवले होते. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांचा उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. डोकं मात्र लख्ख होतं. मान सारखी हलत असे. त्यामुळे त्या होय म्हणताहेत की नाही, हे समोरच्याला कळत नसे. किंवा आपल्याला कळत नाही असं धरून चालणं समोरच्याला सोयीचं पडे. अकरा महिने त्यांना नको असलेली लापशी खायला लागली होती. ज्या दिवशी त्यांनी 'नाही'चा ठोकळा पहिल्यांदा खाचेत बसवला आणि फोन खणखणीत 'नाही' म्हणाला, त्या दिवशी आयेच्या हातातला चमचा वरच्या वर थांबला. मेट्रननी तो ठोकळा उचलला आणि पुन्हा ठेवला. मग पुन्हा. त्यांना लापशी नको होती हे खरंच. पण त्याहून जास्त त्यांना तो शब्द ऐकायचा होता. ठोकळेताईला त्या दिवशी घरी जाताना रस्ता कसा सरला ते कळलं नाही.

खाचा पाडलेले ठोकळे घेऊन ती पुढच्या आठवड्यात आली, तेव्हा व्यवस्थापक दारातच भेटला. तो मऊ बोलणारा, नीटनेटका माणूस होता. त्याने आपला फोन तिच्यासमोर धरला.

"एका पलंगावरून आठवड्यात एकेचाळीस सूचना," तो म्हणाला. "तुमच्या मेट्रनबाई. 'थांबा', 'कुणाला तरी बोलवा', 'थांबा', 'कुणाला तरी बोलवा'. मी गेलो ना दोनदा. त्यांना काहीच झालेलं नव्हतं."

"मग त्यांना काय सांगायचं होतं?"

"आता ते कसं कळणार?" तो हसला. "वय झालं की माणूस हट्टी होतो. खेळणं मिळालंय हातात."

खेळणं हा शब्द तिने गिळला आणि आत गेली. मेट्रननी तिला पाहताच ट्रे पुढे ओढला, पण ठोकळा ठेवला नाही. त्यांनी डावा हात उचलून शेजारच्या पलंगाकडे नेला.

तिथे शिंपीणबाई झोपल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. याच बाईंनी महिन्याभरापूर्वी ठोकळेताईच्या कुर्त्याची शिवण उलटी करून पाहिली होती आणि नाक मुरडलं होतं. त्यांचीही वाचा गेलेली, त्यांच्यासमोरही ट्रे होता, पण आता त्यांचं तोंड उघडं पडलं होतं आणि उशीवर लाळेचा ओला डाग होता. ठोकळेताईने त्यांना हाक मारली, खांदा हलवला. पापणी अर्धी उघडली आणि मिटली.

मेट्रननी दोन बोटं दाखवली. मग अंगठा आणि तर्जनी जुळवून काहीतरी बारीक चिमटीत धरल्यासारखं केलं, ते तोंडाशी नेलं आणि गाल तळहातावर टेकवला. मग पुन्हा शेजारच्या पलंगाकडे हात. हे सगळं करायला त्यांना मिनिटभर लागलं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला.

"त्यांना झोपेच्या गोळ्या देतात? दिवसा?"

मेट्रननी 'हो' ठेवला.

"एकाऐवजी दोन?"

त्यांनी 'हो' उचलला आणि परत ठेवला.

एकेचाळीस वेळा त्या हेच सांगत होत्या. गोळ्या आल्या की 'थांबा', कुणी थांबलं नाही की 'कुणाला तरी बोलवा'. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पलंगांवर नजर ठेवली, तिने बोलायला मिळाल्याबरोबर पहिलं काम तेच केलं होतं, आणि तिचं बोलणं सूचना म्हणून मोजलं गेलं होतं.

ठोकळेताई तशीच व्यवस्थापकाच्या खोलीत गेली. त्याने तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू आहेत असं समजावलं. शिंपीणबाई फार अस्वस्थ होत्या, सारख्या उठायला बघायच्या. पडल्या असत्या तर जबाबदार कोण? डॉक्टरांची चिठ्ठी बघायला मिळेल का, असं तिने विचारलं. ती फक्त नातेवाइकांना दाखवता येते, असं तो म्हणाला. मग तो उठून उभा राहिला, म्हणजे तिलाही उठावं लागलं.

आठ दिवसांनी केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. अशी पाच केंद्रं संस्थेकडे होती, आणि सगळीकडे हे ठोकळे द्यायचे असं ठरत आलं होतं. टेबलाच्या एका बाजूला संस्थेचे संचालक, त्यांच्या शेजारी व्यवस्थापक. दुसऱ्या बाजूला ठोकळेताई, प्रोग्रामर आणि स्टुडिओचा मालक. मालक कॉलेजात तिच्या दोन वर्षं पुढे होता, तिला अगं-तुगं करायचा, आणि स्टुडिओ काढताना सगळ्यांत आधी त्याने तिलाच बोलावलं होतं.

संचालकांनी कामाचं फार कौतुक केलं. लाकडाचा स्पर्श, अक्षरांचं वळण, सगळ्याचं. मग त्यांनी ट्रेमधले चार ठोकळे एकेक करून उचलले आणि टेबलाच्या कडेला, पाण्याच्या बाटलीमागे ठेवले.

"हे चार तूर्त बाजूला ठेवू," ते म्हणाले.

नाही. दुखतंय. थांबा. कुणाला तरी बोलवा.

ठोकळेताईला आधी वाटलं, ते काही वेगळं समजावण्यासाठी वेगळे काढताहेत. पण संचालक शांतपणे कारणं सांगू लागले. मुलं परगावी असतात, परदेशी असतात. कामाच्या मध्यात फोन वाजतो आणि त्यावर 'आई म्हणाली: दुखतंय' असं येतं. त्या मुलाने काय करायचं? तो घाबरतो, केंद्राला फोन करतो, आया हातातलं काम टाकून उत्तरं देत बसतात. यातून कुणाचंच भलं होत नाही. वस्तूने माणसाला आनंद द्यायला हवा. आठ ठोकळे सुटसुटीत, शिकायला सोपे, आणि सगळे सकारात्मक.

"सर, पण दुखलं तर?" ती म्हणाली.

"दुखलं तर आमच्या आया आहेत ना."

"आणि नको असेल तर?"

"नको असेल तर 'हो' ठेवायचा नाही. साधं आहे."

ती प्रोग्रामरकडे वळली. तो वहीत चौकोन काढत होता आणि त्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, तरी तो काढतच होता. तिने मालकाकडे पाहिलं. मालकाने घसा साफ केला.

"आधी पाच ठिकाणी पोचू दे गं," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत बघू."

मग ती बोलली. नंतर तिला स्वतःलाच सगळं आठवेना, पण प्रोग्रामरने पुढे सांगितलं की आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त झोंबलं. ती म्हणाली की ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काही अर्थ उरत नाही. हे ठोकळे आजारी माणसाला बोलता यावं म्हणून केले होते. यातून फक्त घरच्यांना बरं वाटणार असेल तर ट्रेची, लाकडाची आणि त्या माणसाचीही गरज नाही, फोनवर रोज 'छान' आपोआप पाठवायची सोय केली तरी भागेल. आणि ती म्हणाली की एकेचाळीस सूचनांमध्ये एका बाईने दुसऱ्या बाईविषयी काय सांगितलं, ते या खोलीत अजून कुणी विचारलेलं नाही.

व्यवस्थापकाने मान खाली घालून टाय सरळ केला. संचालक तिच्याकडे सहानुभूतीने पाहत होते.

"तुमची तळमळ समजते मला," ते म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडे काम दिलं."

बैठक संपल्यावर तिने बाटलीमागचे चार ठोकळे उचलून पर्समध्ये टाकले. कुणी हरकत घेतली नाही. पायऱ्या उतरताना मालक तिच्या बरोबरीने चालत होता, आणि जगात सगळं एकदम होत नाही, अशा अर्थाचं काही बोलत होता. रस्त्यावर आल्यावर तिने त्याला, उद्या बोलू, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नाही. तिने राजीनामा दिला नाही. का दिला नाही, याची तिच्याकडे दोन-तीन कारणं होती, आणि त्यांतलं एकही तिला मोठ्याने सांगता आलं नसतं.

दीड महिन्याने केंद्राच्या मोठ्या खोलीत ठोकळ्यांचं उद्घाटन झालं. पलंग भिंतीला सरकवले होते, सगळ्यांच्या अंगावर इस्त्रीच्या चादरी होत्या. पाहुणे, दोन कॅमेरेवाले आणि काही नातेवाईक खुर्च्यांवर बसले होते. पुढच्याच रांगेत शिंपीणबाईंची मुलगी होती. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि रात्रभर प्रवास करून सकाळी आली होती. शिंपीणबाई तिच्यामागच्या पलंगावर झोपल्या होत्या. आदल्या दिवशी दगदग झाली म्हणून दमल्या आहेत, असं मुलीला सांगण्यात आलं होतं.

संचालकांचं भाषण झालं. मग मेट्रनची चाकाची खुर्ची मधोमध आणली. चाचणीतल्या सहा जणांत त्याच ठोकळे सगळ्यांत सराईतपणे वापरत, त्यामुळे त्यांना वगळणं कुणाला जमलं नसावं. समोर नवा कोरा ट्रे होता आणि त्यात आठ ठोकळे. आयेने त्यांचे केस चापूनचोपून बसवले होते.

मेट्रनची नजर ट्रेवरून फिरली. त्यांचा हात ट्रेच्या उजव्या कडेला गेला, जिथे जुन्या ट्रेत त्या चार ठोकळ्यांच्या जागा होत्या आणि आता नुसतं गुळगुळीत लाकूड होतं. तिथून तो उचलून त्यांनी मांडीवर ठेवला.

"आजी," संचालक माइकमध्ये म्हणाले, "पाहुण्यांना सांगा बरं, इथे कसं वाटतं?"

मेट्रननी 'छान' उचलला. सावकाश, हाताची थरथर सांभाळत त्यांनी तो खाचेवर नेला, आणि ठेवण्याआधी उलटा केला. शब्द खाली गेला, चिप वर आली. फोन गप्प राहिला.

"उलटा पडला," संचालक हसून म्हणाले. आया पुढे झाली, तिने ठोकळा सुलटा केला. फोन गोड आवाजात म्हणाला, 'छान.' टाळ्या वाजल्या.

मेट्रननी ठोकळा उचलला आणि पुन्हा उलटा ठेवला. आयेने पुन्हा सुलटा केला. 'छान.' या वेळी टाळ्या कमी होत्या. मेट्रननी तिसऱ्यांदा तो उलटा केला आणि त्यावर आपला तळहात दाबून धरला. आयेने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण पाहुणे बघत होते, म्हणून तिने सोडून दिलं. मेट्रनची मान हलत होती, हात हलत नव्हता.

ठोकळेताई शेवटच्या रांगेत उभी होती. ती खुर्च्यांच्या मधून पुढे आली. मालकाने वाटेत तिच्या कोपराला हात लावला. तिने तो बाजूला केला आणि मेट्रनसमोर उकिडवी बसली.

"मेट्रनबाई, मी विचारू?"

मेट्रननी 'हो' सुलटा ठेवला. फोन म्हणाला, 'हो.'

"इथे सगळं नीट चाललंय?"

त्यांनी 'हो' उचलला आणि उलटा ठेवला. तो लाकडावर टेकल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

"शेजारच्या बाईंना अजून तेच चालू आहे?"

'हो,' फोन म्हणाला.

संचालकांनी माइक हातात घेतला, आजींना अजून थोडा सराव हवा असं म्हणाले आणि सगळ्यांना खाण्यासाठी बाहेर यायची विनंती केली. खुर्च्या सरकल्या, लोक उठले. जाता जाता कुणीतरी ठोकळे फारच गोंडस आहेत असं म्हणालं.

शिंपीणबाईंच्या मुलीने ठोकळेताईला व्हरांड्यात गाठलं. "त्या बाई काय सांगत होत्या?" तिने विचारलं. "माझ्या आईबद्दल होतं ना ते?"

ठोकळेताईने जे पाहिलं होतं ते सांगितलं. जे नुसतं वाटत होतं ते सांगितलं नाही. मुलगी ऐकत असताना मान हलवत होती, पण पटल्यासारखी नव्हे. तिने फोन काढला.

"तसं नसेल हो. हे बघा. आई रोज बोलते माझ्याशी." तिने पडदा वर सरकवत नेला. 'आई म्हणाली: छान.' 'आई म्हणाली: छान.' 'आई म्हणाली: धन्यवाद.' प्रत्येकाखाली मुलीचं उत्तर होतं. आज ऑफिसात काय झालं, नातवाला कोणता दात आला, पडद्यांचं कापड घेतलंय, तू बरी झालीस की शिवून दे.

ठोकळेताई वेळा वाचत होती. रोज संध्याकाळचे पाच. पाच वाजून शून्य मिनिटं, पाच वाजून एक मिनिट. तिने बागेत एकट्याच उभ्या असलेल्या प्रोग्रामरला हाक मारली आणि शिंपीणबाईंच्या ट्रेची नोंद काढायला सांगितली. ट्रेला ठोकळ्याचा स्पर्श कळायचा, थरथर कळायची; त्यासाठीच तर त्याने सहा आठवडे घातले होते, थरथरत्या हाताने ठोकळा दोनदा लागला तर शब्द दोनदा बोलला जाऊ नये म्हणून.

त्याने लॅपटॉप कठड्यावर ठेवून उघडला आणि आकड्यांचे रकाने दोनदा वरखाली सरकवून पाहिले.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "मेट्रनबाईंना ठोकळा बसवायला सहा सेकंद लागतात. कधी सात. या बाईंनाही पहिल्या आठवड्यात नऊ लागायचे. आता बघा. अर्धा सेकंद. थरथर शून्य. हा धडधाकट माणसाचा हात आहे."

मुलीला ते लगेच कळलं नाही. तिने आकड्यांकडे पाहिलं, मग प्रोग्रामरकडे, मग आपल्या फोनकडे. तिचा अंगठा अजून पडद्यावर होता.

"मग मी रोज कुणाशी बोलत होते?" तिने विचारलं.

तिने फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि आत गेली. व्यवस्थापक तिच्यामागून लगबगीने गेला. दुसऱ्या दिवशी तिने आईला इस्पितळात हलवलं. तिथे रक्त तपासलं, तेव्हा ठरवून दिलेल्या मात्रेच्या दुपटीहून जास्त औषध निघालं. पाचव्या दिवशी शिंपीणबाई पूर्ण जाग्या झाल्या आणि अंगातल्या इस्पितळाच्या झग्याची शिवण उलटी करून बघत बसल्या. मुलीने त्याचा फोटो ठोकळेताईला पाठवला, खाली काहीही न लिहिता.

चौकशी झाली. त्यात दोन आयांची नोकरी गेली. एकेका पाळीला सव्वीस पलंग एकटीने सांभाळणाऱ्या बायका होत्या त्या. गोळ्या वाढवायला आणि संध्याकाळी पाचला 'छान' ठेवायला त्यांना कुणी सांगितलं, हे चौकशीच्या कागदांत आलं नाही. व्यवस्थापकाची बदली संस्थेच्या दुसऱ्या केंद्रात झाली, ते केंद्र आकाराने मोठं होतं.

आणि वर्षअखेरीला ठोकळ्यांना पुरस्कार मिळाला. व्यासपीठावरून संचालकांनी सांगितलं की या साध्या लाकडी ठोकळ्यांमुळेच आपल्या एका केंद्रातला गंभीर प्रकार उघडकीला आला; तंत्रज्ञान आणि माणुसकी हातात हात घालून चालली की काय होतं, याचं हे उदाहरण आहे. म्हणून यापुढे संच बारा ठोकळ्यांचाच असेल. त्यांच्या मागे पडद्यावर मेट्रनचा फोटो होता, 'छान'वर दाबून धरलेल्या हातासकट. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आम्ही नकारही ऐकतो.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मालकाने व्यासपीठावरून ठोकळेताईला खुणावलं, वर ये. ती उठली, रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांना चुकवत बाहेर पडली आणि तशीच स्टुडिओत गेली. तिने आपली कानस, पटाशी आणि लाकडाचे काही नमुने पिशवीत भरले. मालकाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी दोन ओळींची होती आणि तिच्यात एकही विशेषण नव्हतं.

पुढच्या रविवारी ती मेट्रनना भेटायला गेली. नवीन व्यवस्थापिका आली होती, भिंतीला रंग दिला होता. मेट्रनसमोर बारा ठोकळ्यांचा ट्रे होता. ठोकळेताईने स्टूल ओढलं आणि वाटेत चारदा मनात म्हणून पाहिलेलं बोलायला सुरुवात केली. तिच्या घरी तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. दाराला उंबरा नव्हता, खुर्ची सरळ आत जाईल. खिडकीतून रस्ता दिसतो. आता ती घरूनच काम करणार होती, त्यामुळे दिवसभर सोबत असेल. मेट्रनच्या भाच्याशी फोनवर बोलणं झालं होतं, त्याची हरकत नव्हती.

"तुम्ही माझ्याकडे चला," ती म्हणाली. "इथे आता एक दिवसही राहू नका."

मेट्रननी ठोकळा उचलला. सहा सेकंद गेले. फोन म्हणाला, 'नाही.'

ठोकळेताईला वाटलं, हात चुकला. तिने तो ठोकळा खाचेतून काढून जागेवर ठेवला.

"खोली मोठी आहे हो," ती म्हणाली. "आणि मला अडचण नाही, खरंच. येता ना?"

मेट्रननी तोच ठोकळा पुन्हा उचलला आणि पुन्हा बसवला. या वेळी त्यांनी त्यावरून हात काढला नाही. त्या तिच्याकडे पाहत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता. चौतीस वर्षं नव्या मुलींना शिकवलेल्या बाईची ती नजर होती. ठोकळेताईचा हात ट्रेकडे निघाला होता. तो मध्येच थांबला. तिने तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. तिचे कान तापले होते.

"बरं," ती म्हणाली.

मग मेट्रननी तिची बाही धरली आणि शेजारच्या पलंगाकडे ओढली. शिंपीणबाईंच्या जागी एक नवीन म्हातारी आली होती. अगदी बारीक अंगाची, डोळे छताकडे लावून पडलेली. तिच्यापुढे अजून ट्रे आला नव्हता. मेट्रननी बोटाने तिच्या पायांकडे दाखवलं. चादर बाजूला केली तेव्हा दिसलं: टाचा गादीवर घासून लाल झाल्या होत्या. मेट्रननी भिंतीशी ठेवलेल्या उशीकडे बोट केलं, मग पुन्हा पायांकडे.

ठोकळेताईने उशी आणली आणि घोट्यांखाली सरकवली. वळून पाहिलं.

'थांबा,' फोन म्हणाला. मेट्रनचं बोट घोट्यांवरून पोटऱ्यांकडे सरकलं.

तिने उशी पोटऱ्यांकडे ओढली, टाचा मोकळ्या सोडल्या, आणि पुन्हा वळून पाहिलं.